लाभार्थी संख्या

वार्तापत्राचं काम माझ्याकडे आलं,
कारण ते वाटलं गेलं त्या मीटिंगला मी रजेवर होते.
तक्ता ठरलेला: कार्यक्रमाचं नाव, दिनांक,
प्रमुख पाहुणे, लाभार्थी संख्या,
आणि दोन फोटो, अक्षांश-रेखांशासह,
म्हणजे कमिटी येईल तेव्हा सिद्ध करता येईल
की आपण होतो, खरंच होतो,
आडगावच्या पुढे, हायवेच्या डाव्या हाताला.

भरत गेले.
नव्या उद्योगक्रांतीवर व्याख्यान, लाभार्थी एकशे वीस.
पाहुणे तिसऱ्या स्लाइडवर असताना ओझरहून सुखोई उठलं
आणि सगळं सभागृह खिडकीकडे वळलं,
पाहुणेसुद्धा.
तेवढाच वेळ आम्ही सगळे एका विषयावर होतो.

रोबोट स्पर्धा, पुणे: तिसरं पारितोषिक.
रोबोट सिन्नरच्या ढाब्यावर टेबलाखाली विसरला होता,
फय्याज दुधाच्या टेम्पोतून मागे जाऊन घेऊन आला,
याला रकाना नाही.

कॅम्पस मुलाखती: अंबडच्या कंपनीत नऊ जणांची निवड.
दहावी मृण्मयी बच्छाव.
जिन्यात बसून चपलेचा पट्टा लावत राहिली अर्धा तास,
पट्टा केव्हाच लागलेला होता.
नवांपैकी कुणीतरी पेढ्यांचा खोका
तिच्या बाजूला ठेवून न बोलता वर गेलं.
संध्याकाळी झाडूवाल्या मावशींना तो सापडला,
एक पेढा कमी.

मग निंबा खैरनार.
वर्कशॉप, एकोणतीस वर्षं, जानेवारीअखेर निवृत्त.
शाल होती, नारळ होता,
बॅनरवर 'लिंबा' छापलेलं. फोटो आहेत, दोन्ही,
एकात ते त्या 'लि'कडेच बघतायत.

पण त्याच्या दोन दिवस आधी
स्टॉक रजिस्टरवर त्यांची सही घ्यायला गेले होते मी.
निफाडकडून येणारी ती हाडं मोजणारी थंडी,
पत्र्याचं छप्पर, सोळा पोरं मफलरीत.
निंबाभाऊंनी सगळी लेथ बंद केली,
फक्त सात नंबरचं चालू, बटाल्याचं, जुनं.
म्हणाले, डोळे मिटा. आणि आयका.
हत्यार बसलं की लोखंड आधी सांगतं,
मोजपट्टी मागून.

दारातच मीही मिटले.
आधी नुसती घरघर. मग घरघरीत एक धागा.
किस जळाल्याचा वास. कुणाचं तरी नाक.
मला काहीच कळलं नाही,
आणि मी यंत्रशास्त्र शिकवते.

'सर, आता.'

मशीन थांबलं. हत्याराच्या टोकाला
तांदळाच्या कणीएवढा टवका.
बोलला तो तुषार थेटे, चार विषय मागे राहिलेले,
ज्याचं नाव आम्ही दर महिन्याला छापतो
गैरहजरांच्या यादीत.
निंबाभाऊंनी शाबासकी वगैरे दिली नाही.
हत्यार त्याच्या हातात ठेवलं, म्हणाले,
'जा, धार लाव.'

माझा फोन तेव्हा विभागात, पर्समध्ये.

तर तक्त्यात मी एक ओळ वाढवली.
कार्यक्रम: ऐकणे.
प्रमुख पाहुणे: लेथ क्रमांक सात.
लाभार्थी: सोळा. मग खोडून सतरा.

सोमवारी कागद परत आला,
समासात विभागप्रमुखांची लाल शाई: फोटो जोडा.

गेले. वर्कशॉप रिकामं, परीक्षेची सुट्टी,
सात नंबरवर मेणकापड.
मेणकापड काढलं, फोटो घेतला.
फोनने अक्षांश दिला, रेखांश दिला,
दशांशानंतर सहा आकडे, एकदम अचूक.

फोटोत कुणीच नाही.
मी थोडा वेळ तशीच उभी राहिले,
मग दुसरा घेतला. दोन लागतात.